वच्छलाबाईनं वाचलेलं पत्र

"मेलेल्या माणसाला कमान कशाला पायजे, म्हणतो मी. तो काय खालून जाणार हाय का?"

न्हाणीच्या दाराआडून हे ऐकू आलं तेव्हा वच्छलाबाई गॅसवर भाकरी टाकत होती. सांडू दाढी करताना आरशाशी बोलायचा. माणसांशी बोलायचा त्याला कंटाळा, आरसा मात्र सगळं मुकाट ऐकून घेई. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, तरी नवऱ्याच्या पोटात काय चाललंय हे वच्छलाबाईला न्हाणीच्या दाराला कान लावूनच कळायचं.

"आणि रिबीन म्हणं मी कापायची," आत तांब्या आपटला. "माझ्याच हातानं."

वच्छलाबाईनं भाकरी उलटली. ती जरा करपलीच होती.

कमान कडूबाची होती. दौलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. तिथल्या बौद्धवाड्यात सांडू आणि कडूबा एका वर्षाच्या अंतरानं जन्मले. दोघांच्याही आयांची आधीची लेकरं गेली होती, म्हणून मरणानं ढुंकूनही बघू नये अशी नावं ठेवली : एक सांडलेला, एक कडू. दोघं एकाच शाळेत नापास झाले, एकाच भरतीत धावले, एकाच पलटणीत लागले. पुढं श्रीलंकेत तिथल्याच लोकांची आपापसांत लढाई पेटली आणि ती मिटवायला आपल्या फौजा गेल्या, तेव्हा दोघं एकाच जहाजातून गेले. सांडू परत आला. कडूबाची तेवढी पत्र्याची पेटी आली. तिच्यात दोन बनियन, एक आरसा आणि बायकोचा फोटो.

त्याला सदतीस वर्षं झाली. कडूबा गेला तेव्हा आईच्या पोटात असलेला आकाश आता ग्रामपंचायतीचा सदस्य होता आणि त्यानं वाड्याच्या तोंडाशी बापाच्या नावाची कमान उभी केली होती. अशोक विजयादशमीला तिचं उद्घाटन. कमानीवर काय लिहायचं ते गावात कुणाला विचारावंच लागलं नव्हतं, सगळ्यांना पाठच होतं : 'मित्राचा प्राण वाचवताना वीरमरण.' आणि ज्याचा प्राण वाचला तो मित्र हयात होता, हर्सूलला दोन खोल्यांच्या घरात दाढी करत होता, तर रिबीन दुसरं कोण कापणार?

ते वाक्य वच्छलाबाईचं होतं. म्हणजे तिनं रचलेलं.

तिला तो दिवस आजही आठवायचा. ती एकोणीस वर्षांची होती, सातवी शिकलेली, आणि अख्ख्या वाड्यात लिहिता-वाचता येणारी एकटी बाई. पुरुषांपैकी ज्यांना येत होतं ते कामाला शहरात. त्यामुळं कुणाचंही पत्र आलं की ते वच्छलाच्या हातात यायचं आणि विहाराच्या ओट्यावर सगळ्यांसमोर वाचलं जायचं. पत्र एकट्यानं वाचायची वस्तू आहे हे त्या वाड्याला ठाऊक नव्हतं. एकाचं पत्र आलं तरी ऐकायला पंचवीस माणसं, आणि खुशाली कळली की पंचवीसही जणांचा चहा.

कडूबाची तार येऊन बारा दिवस झाले होते. तारेत 'कर्तव्यावर असताना' एवढंच. कसा गेला, कुठं लागलं, शेवटी काय म्हणाला, हे कळायला सगळे सांडूच्या पत्राची वाट बघत होते. ते आलं, आणि नेहमीच्या, वरच्यांनी तपासून शिक्का मारलेल्या लष्करी पाकिटात नाही, साध्या पाकिटात. सुट्टीवर निघालेल्या कुणा हवालदाराच्या हाती देऊन त्यानं ते मद्रासला पेटीत टाकायला लावलं होतं. वच्छलाला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण नवऱ्याचं अक्षर बघून तिला हर्ष झाला, आणि पत्र आधी आपण एकदा बघावं एवढीही सवड सासूनं दिली नाही. वच्छला ओट्यावर बसली. समोर सासू, शेजारी आठव्या महिन्यातली मनकर्णा, कडूबाची बायको, भिंतीला टेकून. बारा दिवसांत तिच्या घशाखाली चार घास उतरले नव्हते.

सुरुवात नेहमीसारखीच होती. आईला जय भीम, मी खुशाल आहे. इथं भाकरी मिळत नाही, नुसता भात. नारळाची झाडं इतकी की आभाळ दिसत नाही. आई, तुला वाटत असेल मी बुद्धाच्या देशात आहे, पण आम्ही जिथं आहोत तिथं विहार नाही, देवळं आहेत, तीही जळालेली. हे सगळं वच्छलानं मोठ्यानं वाचलं. मग पान उलटलं.

'कडूबा माझ्या गोळीने गेला. पहाटेचा पहारा माझा होता. तो पाणी आणायला बाहेर गेला होता तो भलत्याच बाजूने परत आला. मी परवलीचा शब्द विचारला. दोनदा विचारला. त्याने उत्तर दिले नाही. मला वाटते तो माझी गंमत करत होता. त्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. चौकशी झाली, चूक म्हणून ठरले, मला काही केले नाही. मनकर्णाला हे तू सांग, वच्छला. माझ्याने लिहवत नाही.'

सासूनं वच्छलाच्या गुडघ्याला टोचलं, वाच की गं, अक्षर लागंना का. आणि मनकर्णानं मान वर केली. फक्त मान वर केली, बाकी काही नाही. त्या तोंडाकडं बघून जे खरं होतं ते वच्छलाला वाचता आलं नाही. पण गप्पही राहता येईना, कारण कागदावर मजकूर होता हे पंचवीस माणसांना दिसत होतं. मग तिच्या तोंडून आपोआप यायला लागलं. पहाट होती. गोळी सांडूच्या रोखानं आली. कडूबानं ती बघितली, सांडूला बाजूला ढकललं आणि स्वतःच्या छातीवर घेतली. जाताना म्हणाला, माझ्या मनकर्णाला सांभाळा.

एवढं ऐकल्यावर सासू उठली आणि सगळ्यांदेखत मनकर्णाच्या पायांवर पडली. तुझ्या नवऱ्यानं माझं लेकरू वाचवलं गं माय, म्हणून हंबरडा फोडला. त्याबरोबर मनकर्णालाही बारा दिवसांत पहिल्यांदा रडू फुटलं. बायका म्हणाल्या, बरं झालं, मोकळी झाली. आता ते परत कसं घेणार? कुणाच्या पायांवरून सासूला उठवून सांगणार, की आत्याबाई, मी खोटं वाचलं?

तिला वाटलं होतं, एकदा वाचलं, संपलं. पण चांगलं पत्र एकदा वाचून भागत नाही. सासूला ते दर पौर्णिमेला ऐकायचं असायचं. पाव्हणा आला की वाच. त्यामुळं जे कागदावर नव्हतं ते वच्छलाला पाठ करावं लागलं, शब्द न शब्द, कारण म्हातारीचं ध्यान दांडगं होतं. एकदा 'ढकललं' ऐवजी 'लोटलं' म्हटलं तर तिनं टोकलं होतं.

सात महिन्यांनी सांडू सुट्टीवर आला. आईनं कौतुकानं त्याच्यासमोरही पत्र वाचायला लावलं. तो बशीतला चहा पीत होता. 'छातीवर घेतली' म्हटल्यावर बशी खाली ठेवली आणि बायकोकडं बघितलं. नंतर दोघंच असताना त्यानं एकच विचारलं,

"तू कागदावर खाडाखोड केली?"

"नाय. तोंडानं केली."

मी सांगतो तिला, तो म्हणाला. आणि उठून मनकर्णाच्या घरी गेला. तिथं मनकर्णानं पाच महिन्यांचा आकाश त्याच्या मांडीवर दिला. तो परत आला तेव्हा वच्छलानं काही विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्या घरात हा विषय झाला नाही. तो चुकवायला मग इतर पुष्कळ विषय चुकवावे लागले : श्रीलंका, बंदूक, नारळ. घरात नारळ आला तरी वच्छलाबाई तो मागल्या दारी जाऊन फोडायची.

पंधरा वर्षं भरली त्या दिवशी सांडूनं पेन्शन घेतलं आणि हर्सूलला बिऱ्हाड केलं. शहरात बँकेत बंदुकवाल्या गार्डची जागा चालून आली होती, ती सोडून त्यानं एका गोदामावर काठी घेऊन राखण केली. लोक हसले, फौजी असून बंदुकीला भितो. त्याला सुट्टी रविवारी. आणि दर रविवारी, उन्हाळा नाही की पावसाळा नाही, तो सायकलवर, पुढं लुनावर, पुढं आकाशनंच घेऊन दिलेल्या मोटारसायकलीवर गावाकडं जायचा आणि मनकर्णाचं दोन एकर रान करायचा. वखर, पेरणी, सीताफळाची छाटणी. मजुरी घेत नव्हता, जेवत नव्हता, पाणी विहिरीचं प्यायचा.

आता एखादा परपुरुष अठ्ठावीस वर्षं एका विधवेच्या रानात दर रविवारी राबतो म्हटल्यावर गाव काय बोलणार? सणावाराला गावी गेली की नळावर बायका वच्छलाबाईला ऐकू जाईल एवढ्याच हळू बोलायच्या : सांडूची दोन घरं. एकीनं तर तोंडावरच सुनावलं, आक्का, तुमचा जीव लई मोठा बाई, आमच्यानं नसतं बघवलं. वच्छलाबाई घागर उचलून चालू लागली. खरं कारण तिला माहीत होतं आणि ते सांगता येत नव्हतं, आणि जे खोटं होतं ते खोडता येत नव्हतं. आपण रचलेल्या चार ओळींची इतकी वर्षं कुणी शिक्षा भोगली नसेल, असं तिला कधी कधी वाटायचं. मग रविवारी संध्याकाळी नवऱ्याचे मातीनं भरलेले पाय दिसायचे आणि वाटायचं, आपली त्या मानानं हलकीच.

दसऱ्याला आठ दिवस होते तेव्हा आकाश हर्सूलला आला. काका-काकूंच्या पाया पडला, पत्रिका दिली, आणि म्हणाला, कमानीशेजारी वाचनालय करतोय, त्यात बाबांच्या फोटोखाली काकांचं ते पत्र काचेत लावायचं. लोकांनी स्वतः वाचावं. गावाला ऐकून पाठ आहे, पण डोळ्यांनी वाचलेलं कुणीच नाही.

वच्छलाबाईनं उत्तर तयारच ठेवलं होतं. "ते कवाच उंदरांनी खाल्लं, बाबा."

"अगं आजी, नाही," आतून नात अमृता म्हणाली. ती कॉलेजला, तिला सगळ्यांना मदत करायची हौस. "तुझ्या जुन्या लुगड्यांखाली आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. मी बघितलंय. उघडलं नाही, तू रागावशील म्हणून."

आकाशला इतका आनंद झाला की त्यानं काकूंच्या तोंडाकडं बघितलंच नाही. रविवारी घेऊनच या म्हणाला, आईसमोर एकदा वाचू. जाताना चप्पल घालता घालता जरा घुटमळला. "आई म्हणती, पत्र आणा नायतर नका आणू, पण काकांना घरात बसायला आणा. इतकी वर्षं रानातूनच परत जातेत."

तो गेल्यावर वच्छलाबाईनं लुगडी उचकली, पिशवी काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला. पत्राच्या घड्या इतक्या झिजल्या होत्या की धरताना दोन तुकडे व्हायला आले. तिनं एक कोपरा आचेजवळ नेला. मागून सांडूचा हात आला आणि त्यानं बटण फिरवलं.

"राहू दे."

"काचेत लावणार हाय तो. पोरगं स्वतः वाचंल. मनकर्णाला काय वाटंल? आन् तुमचं गावात तोंड—"

"तेवढा एकच कागद खरा हाय माझा," सांडू म्हणाला. "बाकी सगळं तू वाचलेलं."

तो रागानं बोलला असता तर तिनं भांडण केलं असतं. पण तो रागावला नव्हता. त्यानं पत्राची घडी घातली आणि तिच्याच हातात दिली. वच्छलाबाई गार झालेल्या शेगडीसमोर उभी राहिली. सदतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं, की आपण मनकर्णाला वाचवत होतो हे खरं, पण नवऱ्यानं आपल्याला एक काम सांगितलं होतं आणि ते आपण केलं नाही, हेही तितकंच खरं. त्याच्याच्यानं लिहवलं तेवढं त्यानं लिहिलं होतं. पुढचं तिच्याकडं दिलं होतं.

रविवारी तिघं गावाला गेले. कमान उभी होती, एका बाजूला परात-घमेली, वर शिडी. रंगवणाऱ्यानं 'मित्राचा प्राण' एवढं रंगवून जेवायची सुट्टी घेतली होती. सांडू कमानीखालून गेला नाही. बाजूनं, वाळूच्या ढिगावरून गेला. अमृताला हसू आलं, पण आजीनं तिचं मनगट दाबलं.

मनकर्णाबाईच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, शेजारी वर्दीतला कडूबा. तिशीही न गाठलेला, ओठ हसण्याच्या बेतात. मनकर्णाबाई खाली बसून परातीत सीताफळं निवडत होती, पिकलेली इकडं, कच्ची तिकडं. सांडूला तिनं खुर्ची दिली. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, बोलावलं की उठता येईल असा. चहा झाला. रानाचं झालं, मक्याला यंदा भाव नाही झालं. मग आकाश म्हणाला, वाच गं अमृता, तुझं वाचन स्वच्छ आहे.

"पत्र माझ्यावर आलेलं हाय," वच्छलाबाई म्हणाली. "मीच वाचते."

ती ठरवून आली होती. बसमध्ये, दौलताबादच्या घाटात, किल्ल्याच्या उतारावर, तिनं मनातल्या मनात खरा मजकूर दहा वेळा म्हटला होता. आज जसं आहे तसं वाचायचं. तिनं चष्मा लावला. शेजारी अमृता खेटून बसली, नजर कागदावर.

आईला जय भीम. मी खुशाल आहे. भाकरी मिळत नाही. आकाशला नारळाच्या झाडांचं हसू आलं, हे मी लहानपणी शंभरदा ऐकलंय म्हणाला. वच्छलाबाईनं पान उलटलं. समोर 'कडूबा' हा शब्द होता. तिनं तो वाचला. पुढचा शब्द डोळ्यांना दिसत होता. तिनं मान जराशी वर केली आणि समोर मनकर्णाबाई तिच्याकडं बघत होती, केस पांढरे झालेली, हातात सीताफळ धरलेली, पण बघणं तेच, ओट्यावरचं.

"पहाट होती," वच्छलाबाईच्या तोंडून आलं. "गोळी माझ्या रोखानं आली. कडूबानं ती बघितली आणि मला बाजूला ढकललं—"

"आजी," अमृता हळूच म्हणाली. "हे इथं नाही लिहिलेलं."

बाहेर रंगवणारा जेवून आला असावा, शिडी ओढल्याचा आवाज झाला. आकाशनं आधी अमृताकडं बघितलं, मग काकूंकडं, आणि हात पुढं केला. बघू. सांडू खुर्चीतून उठला. त्याचे ओठ हलले, पण आरशासमोर चालणारी जीभ माणसांसमोर चालेना. वच्छलाबाईनं कागद छातीशी धरला.

"हात मागं घे, आकाश," मनकर्णाबाई म्हणाली. "ते पत्र तुला आलेलं नाय."

तिनं सीताफळ परातीत ठेवलं, पदराला हात पुसले आणि लेकाकडं न बघता सांडूकडं बघून बोलू लागली. आकाश तिसरीत असताना पलटणीतला एक माणूस सांडूला शोधत गावात आला होता. सांडू भेटला नाही, तहान लागली म्हणून तो तिच्या दारात पाणी प्यायला. दार कुणाचं हे त्याला ठाऊक नव्हतं. सांडूची चौकशी करता करता त्यानं सगळं सांगितलं, बिचाऱ्याच्या हातून काय झालं ते, आणि तांब्या परत देऊन गेला. तिनं वर्षभर ठरवलं होतं, भर विहारात सांडूच्या तोंडावर थुंकायचं. वच्छलाक्काच्यासुद्धा. पण पेरणीचे दिवस होते, पोर लहान होतं आणि दर रविवारी रानात वखर चालू होतं.

"मी मुद्दाम गप बसले, भाऊ. म्हटलं, बोलले तर हे रडतील, पाया पडतील, आन् मोकळे होतील. मला तुम्हाला मोकळं करायचं नव्हतं." तिचा आवाज चढला नाही. "नंतर राग गेला. कवा गेला ते ध्यानात नाय. तवा बोलायला पायजे होतं. पण तवर तुमची सवय झाली होती. रविवारी रानात माणूस दिसला की बरं वाटायचं. म्हणून नाय बोलले. ते माझं चुकलं."

सांडू उभाच होता. त्याचे दोन्ही हात मांड्यांशी सरळ होते, कवायतीत असतात तसे.

"आई, काय बोलतीस तू," आकाश म्हणाला. "काय झालतं?"

मनकर्णाबाई गुडघ्यावर हात रेटून उठली. लेकाजवळ गेली आणि त्याचं मनगट धरलं.

"तुझा बाप यांना वाचवताना नाय गेला, आकाश. यांच्या गोळीनं गेला."